वेट किती पाहिजे?

"काका, वेट किती पाहिजे?" काउंटरवरच्या पोराने विचारलं आणि मी बेधडक सांगून टाकलं, "अठ्ठ्याऐंशी."

तो थांबला. माझ्या मागे हेल्मेट न काढताच उभा असलेला एक डिलिव्हरीवाला खुदकन हसला. मग पोरगाही हसला, पण समजुतीने, म्हाताऱ्या माणसाला मोबाईल शिकवताना हसतात तसं. "तुमचं नाही काका, ऑइलचं. दहा, पंधरा, वीस." वेट म्हणजे तेलाच्या जाडपणाचा नंबर.

आता यात त्याची चूक काहीच नव्हती आणि माझीही फारशी नव्हती. त्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी शुगर तपासायला गेलो होतो, तिथल्या बाईंनी वजनकाट्यावर उभं केलं आणि आकडा असा खणखणीत वाचला की बाकावर बसलेल्या सगळ्यांना कळला. तो आकडा दिवसभर डोक्यात घोळत होता. त्यात ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टच्या दुकानांत दुपारी साडेबाराला जी गर्दी असते, कोऱ्या रबराचा वास, पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास, कुणीतरी मागून हात लांब करून क्लच प्लेट मागतोय, आत पोटमाळ्यावरून कुणीतरी बेअरिंगचा नंबर ओरडतोय, अशात "वेट" हा शब्द कानावर पडला आणि जिभेवर जे तयार होतं ते बाहेर आलं. मीही हसलो सगळ्यांबरोबर. आणि मग जरा ऐटीत म्हणालो, "वीस द्या." का वीस? तर तीनांत तोच आकडा सगळ्यात मोठा होता म्हणून. आपला हिशोब लहानपणापासून असाच आहे, जाड म्हणजे टिकाऊ, घट्ट म्हणजे दमदार, दूध असो की डाळ असो की मोटरसायकलच्या शॉकपचं, म्हणजे पुढच्या चाकाचे धक्के सोसणाऱ्या दोन नळ्यांतलं तेल.

बाटली पिशवीत टाकून चर्नी रोडला आलो, दादरला गाडी बदलली, आणि भांडुप येईपर्यंत तो प्रसंग काही डोक्यातून जाईना. लाज वाटत होती असं नाही. पण पोराने खरंच माझं वजन विचारायला हवं होतं, असं कुठेतरी वाटत होतं. कारण ते तेल ज्या दोन नळ्यांत जाणार होतं त्या नळ्यांवर बसणार होतो मीच ना.

गाडी म्हणजे यामाहाची आरएक्स हंड्रेड, १९९३ची. १९८५ला ही गाडी आली आणि १९९६ला बंद झाली, मधल्या अकरा वर्षांत मुंबईतल्या प्रत्येक गल्लीत एकतरी मुलगा असा होता ज्याच्याकडे ती होती आणि दहा मुलं अशी होती ज्यांच्याकडे नव्हती. मी त्या दहांतला. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, ऐकायला किती किरकोळ वाटतं आज, पण गाडीचं स्वतःचं वजनच शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे मूठ पिळली की पुढचं चाक हलकं व्हायचं आणि बोलणं बंद व्हायचं. १९९९मध्ये लालबागच्या एका गृहस्थांकडून सेकंडहॅण्ड घेतली, तेव्हा मी बावीस वर्षांचा आणि ५८ किलोंचा. हा ५८ मला पक्का आठवतो कारण त्याच वर्षी नोकरीच्या मेडिकलमध्ये लिहिला होता आणि डॉक्टर म्हणाले होते, जरा खात जा. म्हणजे तेव्हा आणि आत्ता यात तीस किलोंचा फरक. घरात गॅसचा भरलेला सिलेंडर उचलून दाखवा म्हटलं तर मी तोंड वेडंवाकडं करतो, आणि जवळजवळ तेवढाच एक सिलेंडर मी चोवीस तास अंगावर घेऊन फिरतोय आणि गाडीलाही फिरवायला लावतोय.

गाडीने तक्रार अशी उघड कधी केली नाही. पावसाळ्यानंतर शॉकपच्या डाव्या पाईपवर तेलाची एक बारीक कडी दिसायला लागली, पुसली की दोन दिवसांनी परत. मग उजव्यावर पण. सिग्नलला पुढचा ब्रेक दाबला की पुढचं सगळं धाड करून खाली बसायचं, नमस्कार घातल्यासारखं, आणि खड्ड्यातून जाताना आतून "ठक" असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. ऑइल सील, म्हणजे तेल आत अडवणारं रबरी कडं, गेलंय हे शेंबडं पोरही सांगेल. पण सांगणारा आणि करणारा माणूस उरला नव्हता, हा खरा प्रश्न होता. चिंचपोकळीच्या पुलाजवळ चाचांचं गॅरेज होतं, गॅरेज म्हणजे एक टपरी आणि पुढची दहा फूट फूटपाथ, माझी गाडी १९९९पासून त्यांच्याशिवाय कुणी उघडली नव्हती. लॉकडाऊनमध्ये ते दापोलीकडे गावाला गेले ते परत आलेच नाहीत. टपरीत आता मोबाईलची कव्हरं मिळतात.

मग ठरवलं, आपणच उघडू.

रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर लावली, इंजिनखाली लादीचे दोन तुकडे घातले, पुढचं चाक काढलं. कितीतरी व्हिडिओ पाहून झाले होते, त्यामुळे एक गोष्ट ठाऊक होती की पाईपच्या वरची बुचं शॉकप गाडीवर असतानाच ढिली करायची, खाली उतरवल्यावर हातात धरून ती सुटता सुटत नाहीत. ठाऊक नव्हतं ते हे की बुचाखाली स्प्रिंग दबून बसलेली असते आणि शेवटच्या आट्याला ती सगळा राग काढते. उजवं बूच तळव्याने दाबून धरत सोडवलं तरी हातातून उडालं, आणि त्याच्या पाठोपाठ काहीतरी चमकदार उडालं, लादीवर टणटण करत गेलं, शेजारच्यांच्या गाडीखालून गडगडत गटाराच्या जाळीपर्यंत पोचलं आणि आत. वॉचमन म्हणाला, "साहेब, पैसा पडला." मला वाटलं वॉशर असेल. पाईपात बोट घातलं तर तेलकट असं अजून काहीतरी, ते काढलं, पुसलं, आणि त्यावर गेंडा.

चाराणे! गेंड्याचे, स्टीलचे चाराणे.

उजव्या पाईपात तीन उरले होते. डावं बूच मग फार जपून सोडवलं, फडकं धरून, त्यात चार निघाले, एकावर एक नीट रचलेले, खाली एक साधा वॉशर. म्हणजे गटारात गेला तो उजवीकडचा चौथा. एकावर १९९१, बाकीच्यांवर पुढची सालं. आठही नाणी गाडीच्या पोटात किती वर्षं होती देव जाणे, दरम्यान बाहेरच्या जगात २०११च्या जूनअखेर पंचवीस पैसे चलनातूनच गेले आणि यांना पत्ताही नाही, हे आपले आत तेलात बसून खड्डे खातायत. मी ती सात नाणी फडक्यावर मांडली आणि पहिला विचार आला तो कौतुकाचा बिलकूल नव्हता. जुगाड, असं म्हणालो मी, वॉचमनला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मॅन्युअलमध्ये नाणी कुठेच नव्हती. आपण आता सगळं व्यवस्थित, पुस्तकाप्रमाणे करणार, असं ठरवून ती खिशात टाकली.

तेल ओतायची वेळ आली तेव्हा अख्ख्या पार्किंगला कळलं. शॉकपचं जुनं तेल ज्याने कधी हुंगलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याने नाही त्याला इतकंच सांगतो की कोळीवाड्यात सुकायला घातलेल्या बोंबलांच्या काठ्यांखालून भर दुपारी जा. वरून राखाडी, खाली गाळ, हात घातला तर बोटांवर चंदेरी चमक, म्हणजे आतला धातू झिजून तेलात आलेला. एक एक पाय उलटा धरून बादलीत रिकामा केला, वर-खाली पंप केला, शेवटी शेवटी तर घशातून काढल्यासारखे गचके आले. वर गेलो तर आई दारातच. "सुकट आणलीस का रे? सोमवार आहे उद्या." आंघोळ केली तरी दोन दिवस हाताचा वास गेला नाही, ऑफिसात डबा खाताना चमच्याने भात खाल्ला.

त्या वासाने मला २००५ आठवलं. २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला हे सगळ्यांनाच पाठ आहे, मी त्यातला माझ्या वाट्याचा कुर्ल्यापासून भांडुपपर्यंत गाडी ढकलत अंगावर घेतला होता, छातीपर्यंत पाणी, हँडल तेवढं वर. आठवड्याने चाचांकडे नेली तेव्हा त्यांनी पुढचे दोन्ही शॉकप खोलून तेल पत्र्याच्या डब्यात ओतलं तर ते अगदी कटिंग चहाच्या रंगाचं. तेलात पाणी गेलं की असं होतं, चाचा म्हणाले, आणि डबा माझ्या नाकाखाली धरून "घे, चहा घे" म्हणून हसले. शॉकप आतून पहिल्यांदा पाहिला तो तेव्हा. मला वाटायचं आत काय काय असेल, पण आत फारसं काही नसतंच. एक लांब स्प्रिंग, एक भोकं पाडलेली दांडी, थोडं तेल, वर थोडी हवा. बास. इतक्या मोठ्या कामाला इतकं कमी सामान.

ती भोकांची दांडी काढताना मात्र माझा अर्धा दिवस गेला. बाहेरच्या नळीच्या तळाशी एक अॅलन बोल्ट असतो, तो फिरवला की आतली दांडीही त्याच्याबरोबर गोल फिरत बसते, सुटत काही नाही. मग आईच्या पोछ्याचा दांडा घेतला, टोक सुरीने तासलं, पाईपात वरून घालून हातोडीने ठोकून दांडीच्या डोक्यात घट्ट बसवला, वॉचमनने तो दांडा धरला आणि मी खालून बोल्ट सोडवला. हा प्रकार जगभर लोक असाच करतात हे नंतर कळलं आणि फार बरं वाटलं. जुनी सीलं दगडासारखी झाली होती. पाईप साफ करून उन्हात धरले तर क्रोमवर बारीक बारीक टोचे, समुद्राकाठच्या शहरात पंचवीस-तीस वर्षं काढली की लोखंडाला देवी येतात तसे. नख फिरवून बघायचं, नख अडलं तर सीलही अडणार, फाटणार. नशीब असं की बहुतेक टोचे वरच्या भागात, जिथे सील पोचतच नाही. दोन नख अडवणारे होते ते अॅराल्डाइटने बुजवून, बारीक पाण्याच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत केले. खरं तर हार्ड क्रोम करून ग्राइंड करून घ्यायला हवं, पण तेवढा धीर नव्हता. पाईप वाकडे नाहीत ना हे बघायला आमच्या टीपॉयच्या काचेवर लाटण्यासारखे लाटून पाहिले. बायकोने काही न बोलता नुसतं पाहिलं, ते बोलण्यापेक्षा वाईट.

नवी सीलं बसवताना पाईपच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, वर जरा ग्रीस, म्हणजे सीलचा ओठ कापला जात नाही. मग जुनं सील नव्यावर पालथं ठेवून पीव्हीसी पाईपच्या तुकड्याने ठोकायचं, टक टक टक, आणि सील तळाला बसलं की आवाज बदलतो. तो बदललेला आवाज मला अख्ख्या कामात सगळ्यात जास्त आवडला. नंतर तेल. वीस नंबरचं, मधासारखं जाड, दोन्हीकडे मोजून सारखं, मग हळूहळू वर-खाली करून हवेचे बुडबुडे बाहेर काढले. नाणी अर्थातच टाकली नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला एलबीएस रोडवर काढली. पहिल्या शंभर मीटरमध्ये वाटलं, वा, काय गाडी झालीय. ब्रेक दाबला तर पुढचा नमस्कार आता सावकाश, राजघराण्यातल्यासारखा. मग पेवर ब्लॉकचा पट्टा आला. मेट्रोच्या कामाच्या कडेकडेने जिथे रस्ता उकरून परत बुजवलाय तिथे हे ब्लॉक असतात, काही वर आलेले, काही खाली गेलेले, दात पडलेल्या कंगव्यासारखे, आणि त्यावरून जाताना माझ्या दोन्ही मनगटांत जे काही शिरलं ते कोपरापर्यंत गेलं. हँडल हातात आहे की ड्रिल मशीन हे कळेना. आणि गंमत म्हणजे चार-पाच ब्लॉक सलग गेले की गाडीचं नाक खाली खालीच जायला लागलं, आणि शेवटच्याला परत तोच जुना "ठक". सीलं नवी, तेल नवं, मेहनत दोन रविवारांची, आणि ठक तसाच.

त्या आठवड्यात मी जे वाचत बसलो ते आधी वाचायला हवं होतं. वजन उचलायचं काम तेल करतच नाही. वजन उचलते ती स्प्रिंग. तेलाचं काम फक्त स्प्रिंगला घाई करू न देणं, खाली जातानाही आणि वर येतानाही. जाड तेल घातलं तर गाडी हळू बसते, पण शेवटी बसते तेवढीच. आणि वरही हळूच येते, त्यामुळे एका ब्लॉकमधून वर यायच्या आत दुसरा येतो, दुसऱ्यातून निघायच्या आत तिसरा, आणि शॉकप उसंत न मिळाल्यासारखा आत आत दबत जातो. शिवाय या जुन्या पद्धतीच्या शॉकपमध्ये तेल साध्या भोकांतून ढकललं जातं, वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. म्हणजे सिग्नलला सावकाश ब्रेक मारताना तेल बिचारं अगदी मवाळ, आणि पेवर ब्लॉकच्या कडेवर चाक झटक्यात आपटलं की तेच भिंत होऊन उभं. जिथे कडक हवं तिथे मऊ, जिथे मऊ हवं तिथे कडक. (हे वाक्य मी आमच्या ऑफिसातल्या एका साहेबांबद्दलही ऐकलंय.) आणि तो बाटलीवरचा आकडा, ज्यावर माझा एवढा विश्वास, तो तर सगळ्यांचा एक नाहीच. एका कंपनीचं दहा दुसऱ्या कंपनीच्या पंधराला टेकलेलं असतं, गियर ऑइलचे आकडे तर वेगळ्याच पट्टीवरचे, खरं बघायचं तर ४० अंशांना किती सेंटिस्टोक (जाडपणाचं खरं माप) हे बघावं लागतं, दहाला साधारण ३२, पंधराला ४६, वीसला ६८ असं काहीतरी. पूर्वी हे कोण बघत होतं? चाचा इंजिन ऑइल टाकायचे, कधी हायड्रोलिक, एकदा तर मी त्यांना दोन डब्यांतलं तेल बोटांच्या चिमटीत धरून, चोळून, नाकाला लावून, मिसळताना पाहिलंय. आई पुरणाचं पाक-पाणी बघते तसं.

इथे एक मनातलं बोलून घेतो. या शहरात जे काही गुळगुळीत रस्ते झाले ते सगळे आम्हाला बंद आहेत. सी लिंकवर दुचाकी नाही, फ्रीवेवर नाही, कोस्टल रोडवर नाही, अटल सेतूवर नाही, इतकंच काय जेजेच्या पुलावरही नाही. कारणं असतील, सुरक्षेची वगैरे, मी भांडत नाही. पण म्हणजे ज्यांच्या गाड्यांना चार चाकं आणि मऊ गाद्या आहेत ते वरून जातात, आणि ज्यांच्याकडे नुसत्या दोन नळ्या आणि त्यांत पाव-पाव लिटरही भरणार नाही इतकंच तेल आहे ते पुलाखालून, जाळ्या, झाकणं, ब्लॉक आणि रम्बलर मोजत. मुंबईत दुचाकीचा शॉकप निवडताना चांगल्या रस्त्याचा विचार करायची गरजच नाही, तेवढी एक सोय आहे.

तर स्प्रिंग. पाईपवर एक केबल टाय घट्ट बांधून सीलला टेकवली आणि मी गाडीवर नुसता बसलो, ब्रेक नाही, खड्डा नाही, नुसता बसलो. उतरून बघितलं तर टाय वर सरकून जवळजवळ निम्म्यावर. म्हणजे रस्त्यावर यायच्या आधीच अर्धा शॉकप माझ्यात खर्च झालेला. म्हणतात की तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त जाऊ नये. मग खिशातली नाणी काढली. चार चाराणे एकावर एक ठेवून मोजले, पाचेक मिलिमीटर भरले. स्प्रिंग त्याने कडक होत नाही, फक्त आधीच तेवढी दाबली जाते, आणि गाडी पाच मिलिमीटर उंच उभी राहते. फार नाही. पण कुणीतरी गाडी बघून, तिच्यावर बसणारा माणूस बघून, नेमका हा विचार केला होता आणि मला बोलला नव्हता.

रात्री चाचांना फोन लावला. दोन वर्षांनी. आधी पाऊस, आंबा, गुडघे असं सगळं झालं. ते म्हणाले गुडघ्यातलं वंगण संपलंय माझ्या, डॉक्टर म्हणतो बदला, मी म्हटलं कुठल्या नंबरचं टाकणार ते विचार. मग मी नाण्यांचं विचारलं. "कसली नाणी?" मी सांगितलं. ते बराच वेळ हसले. "अरे तेव्हा पंचवीस पैसे कोण घेत होतं? कंडक्टर घेत नव्हता, वाणी घेत नव्हता, भिकारी पण परत द्यायचा. वॉशर आणायचा तर दोन रुपये. डबाभर पडले होते माझ्याकडे, सगळ्यांच्यात टाकायचो." मला उगाच थोडं पडल्यासारखं झालं. मी मनात एक गोष्ट रचून ठेवली होती, की चाचांनी माझं वाढलेलं वजन बघितलं आणि मला वाईट वाटू नये म्हणून गुपचूप वगैरे. "सगळ्यांच्यात चार चार?" मी विचारलं. "छे, सगळ्यांच्यात दोन," ते म्हणाले. मग थांबून म्हणाले, "आणि तू काय तेव्हा बारीक होतास?" हे नेमकं कधीचं, २००५चं की २०१२ला परत सीलं बदलली तेव्हाचं, ते त्यांनाही सांगता येईना. २००५ला मी बारीकच होतो. पण वाद घातला नाही.

आता नाणी होती सात आणि लागत होती आठ. पीव्हीसी पाईपचा पाच मिलिमीटरचा काप दोन्हीकडे टाकला असता तरी चाललं असतं, खरं तर तेच बरोबर, दोन रुपयांचं काम. पण ते मनाला पटेना. बायको म्हणाली चोर बाजारात किलोवर मिळतील. मी आईला सहज विचारलं, तुझ्याकडे चाराणे आहेत का गं, तर ती उठली, देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून खणाच्या कापडाचा बटवा काढला आणि त्यात चाराणेच चाराणे. "सव्वा रुपया ठेवायचा तर चाराणे नकोत?" ती म्हणाली, मला वेड्यात काढत. "सरकारने बंद केले म्हणून देवाने केले का?" दर सत्यनारायणाला, दर ओटीला, एक रुपया आणि वर चाराणे, गुरुजी ते घेऊन काय करतात तिला ठाऊक नाही आणि तिला विचारायचंही नाही. एक उचलून माझ्या हातावर ठेवलं. "देवाचं आहे. काम झालं की परत आण." बरं म्हणालो. कशासाठी पाहिजे ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शनिवारी परत ऑपेरा हाऊस. तेच दुकान, तोच पोरगा, त्याने मला ओळखलं हे त्याच्या ओठांच्या कोपऱ्यावरून कळलं.

"बोला काका. वेट?"

"दहा," मी म्हणालो.

त्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बाटली काढून दिली.

पुढच्या रविवारी परत सगळं उतरवलं, वीस नंबर ओतून टाकलं, यावेळी वास नव्हता एवढंच. नवं तेल मापाने न भरता उंचीने भरलं, म्हणजे स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण खाली दाबलेला, आणि वरच्या काठापासून तेल किती खोल आहे ते पट्टीने. कारण तेलाच्या वर उरते ती हवाही शेवटी शेवटी स्प्रिंगचंच काम करते, तेल जास्त झालं तर हवेला जागा राहत नाही आणि मग सगळा भार सीलवर येतो. दोन्ही पायांत उंची तंतोतंत सारखी करायला मला इंजेक्शनची सिरिंज आणि पाऊण तास लागला. मग स्प्रिंग, वॉशर, चार गेंडे डावीकडे, चार उजवीकडे. देवाचं चाराणे उजवीकडे सगळ्यात वर. चाक लावून एक्सल आवळण्याआधी पुढचा ब्रेक धरून दहा-बारा वेळा दाबून घेतलं, म्हणजे दोन्ही पाय आपापसात जुळतात, आणि मग शेवटचे बोल्ट.

गाडी आता ब्रेकला जरा लवकर वाकते, हे कबूल करतो. वीसची ती राजेशाही ऐट गेली. पण पेवर ब्लॉकवर मनगटं माझी मला परत मिळाली आहेत, सलग खड्डे आले तर नाक वर येतं, आणि तो ठक गेल्या तीन महिन्यांत दोनदाच ऐकू आला, दोन्ही वेळा झाकण नसलेल्या चेंबरवर, तिथे तो यायलाच हवा. केबल टाय अजून पाईपवर आहे. रोज ऑफिसला पोचल्यावर वाकून बघतो, किती वर सरकलीय. शुगरचा रिपोर्ट मी अजून इतक्या नियमाने बघत नाही. पुढच्या तपासणीला ८६ भरलं, पण त्या दिवशी बूट काढले होते.

मागच्या आठवड्यात आई म्हणाली, "परवा पौर्णिमा आहे, पूजा सांगितलीय. ते चाराणे आणून दे."

"अगं ते गाडीत आहे," मी म्हटलं. "आत. तेल बदलायला उघडेन तेव्हाच निघेल आता."

"केव्हा उघडशील?"

"दोन वर्षं तरी नाही."

ती काही बोलली नाही. बटवा मांडीवर रिकामा केला आणि नाणी एका बोटाने बाजूला सारत मोजली. नऊ होती. बटव्याची नाडी ओढत म्हणाली, "राहू दे मग. पुरतील तोवर."